पद्मिनी सकाळी रुसते आणि घाटात अडते

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडील गेल्यावर ती भंगारात घालायला मन धजावले नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, मी ती बाहेर काढतो. सकाळी चोक ओढून आणि ॲक्सिलरेटर दाबत दाबत दहा-बारा वेळा सेल्फ मारल्याशिवाय ती सुरू होत नाही. हा त्रास जुना आहे. एकदा सुरू झाली की उत्तम चालते. पण साधारण वर्षभरापासून नवेच दुखणे लागले आहे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला चहासाठी थांबलो आणि दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, तर सेल्फ जोरात फिरतो, इंजिन मात्र पकडत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप सुरू होते. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या घेतल्या, गेल्या दिवाळीच्या सुमारास कॉइल आणि प्लग नवे घातले, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. आता गॅरेजवाले म्हणतात, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, नाहीतर गाडी काढून टाका. काय करावे? – एक वाचक, वाई

उत्तर : गाडी काढून टाकू नका, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनही, म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही, तूर्त बसवू नका. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि माझी खात्री झाली की तुम्ही ज्याला एक आजार समजून औषधे देत आहात, ते दोन वेगवेगळे आजार आहेत. सकाळी थंड इंजिन सुरू न होणे आणि घाट चढून आल्यावर तापलेले इंजिन सुरू न होणे यांची कारणे बहुतेक वेळा परस्परांशी संबंधित नसतात, आणि दोन्हींवर एकाच वेळी भाग बदलत राहिल्यामुळे कशाचा गुण आला व कशाचा नाही हे तुम्हाला कळलेलेच नाही. दोन बॅटऱ्या, कॉइल आणि प्लग यांवर झालेला खर्च निदानाआधीचा आहे.

पद्मिनीचे हे १०८९ सीसीचे इंजिन मुळात अगदी सरळ स्वभावाचे आहे. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवावे, प्लगला योग्य क्षणी करंट यावा आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा योग्य प्रमाणात जावी, एवढीच त्याची मागणी असते. हे सगळे ठीक असून ते सुरू होत नसेल, तर मग कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल पुरेसे दाबले जाते का याचा, विचार करायचा. पण तुमची गाडी सुरू झाल्यावर उत्तम चालते आणि घाट चढते, त्यामुळे ती शंका मी आजच बाजूला ठेवतो. म्हणजे प्रश्न उरतो तो एवढाच, की गाडी अडते त्या क्षणी यांपैकी नेमके काय गैरहजर असते. हे त्या क्षणीच पाहावे लागते. अर्ध्या तासाने सुरू झालेली गाडी गॅरेजमध्ये नेली, तर तिथे ती शहाण्यासारखीच वागणार.

आधी सकाळचे पाहू. आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीतले पेट्रोल काही प्रमाणात उडून जाते, आणि पेट्रोल पंपाची झडप नीट बसत नसेल तर नळीतले पेट्रोलही हळूहळू टाकीकडे परतते. मग तुम्ही सेल्फ मारता तेव्हा इंजिनला पेट्रोल मिळतच नाही. आधी पंपाने टाकीपासून बोनेटपर्यंत पेट्रोल ओढून आणायचे, वाटी भरायची आणि त्यानंतर कुठे पहिला ठोका पडायचा. तुमचे दहा-बारा सेल्फ बहुधा यातच खर्ची पडतात. आणि तुमच्या बॅटऱ्या का मेल्या, याचे उत्तरही मला इथेच दिसते : दर रविवारी बॅटरीतून भरपूर वीज काढायची, तासाभराच्या फेरीत ती जेमतेम भरून यायची आणि पुढचे सहा दिवस तिला तसेच अर्धपोटी ठेवायचे, हे कोणतीही बॅटरी फार काळ सोसत नाही.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. येत्या रविवारी किल्लीला हात लावण्याआधी एअर क्लीनर काढा, विजेरी घेऊन कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहा आणि ॲक्सिलरेटरची कडी हाताने झटकन पूर्ण ओढा. आत पेट्रोलची बारीक, स्वच्छ पिचकारी उडायला हवी. ती उडाली नाही, तर एकतर वाटी कोरडी आहे किंवा पिचकारीचा पंप गेलेला आहे. इंजिन चालू करून बंद केल्यावर हेच पुन्हा पाहिले आणि तेव्हा पिचकारी उडाली, तर वाटीच कोरडी पडत होती हे सिद्ध झाले. विडी-सिगारेट ओढणारा कोणी शेजारी उभा असेल, तर त्याला आधी लांब पाठवा.

वाटी कोरडी निघाली, तर सेल्फ मारून ती भरण्याऐवजी पेट्रोल पंपाखाली हाताने चालवायची पट्टी आहे का ते पाहा आणि ती दहा-पंधरा वेळा वरखाली करा. पट्टी अगदी ढिली लागली आणि काहीच जोर जाणवला नाही, तर घाबरू नका. पंपाचा आतला दांडा कॅमच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून पंप हलवणाऱ्या भागाच्या, उंचवट्यावर येऊन थांबलेला असतो. सेल्फचा एक छोटासा झटका देऊन इंजिन थोडे फिरवले की पट्टी पुन्हा काम करू लागते. वाटी भरल्यावर गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झाली, तर तुमचा सकाळचा आजार ओळखला गेला. मग प्रश्न उरतो तो पेट्रोल मागे का परतते एवढाच. त्यासाठी पंपाच्या झडपा आणि डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, पाहावे लागतील, पण त्याआधी टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या तपासा. या भागातल्या नळीला चीर असेल तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, उलट नळी हवा आत ओढते. म्हणूनच खाली डाग दिसत नाही आणि मिस्त्री ‘गळती नाही’ म्हणून मोकळे होतात. नळी बोटांत धरून वाकवा. वाकताना तिच्या पाठीवर टाचेच्या भेगांसारख्या बारीक रेघा उघडल्या, तर ती त्याच दिवशी बदला.

इथे पेट्रोलविषयी दोन शब्द सांगतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि १९८६ सालचे रबर त्या हिशेबाने बनवलेले नव्हते. ते कडक होते, फुगते, आतून सुटते आणि त्याचा काळा भुगा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. तुमचा कार्ब्युरेटर दोनदा साफ करावा लागला, त्यामागे हेही कारण असू शकेल. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे उभ्या गाडीची अर्धी रिकामी टाकी आतून गंजण्याची शक्यताही वाढते. नळ्या बदलताना इथेनॉल सोसणारी नळी मागून घ्या, डायफ्रामही तशाच रबराचा बसवा आणि टाकी शक्यतो भरलेली ठेवा.

सकाळच्या बाबतीत आणखी एक सवय तपासायला हवी, आणि ती तुमच्या पत्रातल्या एका शब्दामुळे माझ्या लक्षात आली. चोक ओढून तुम्ही ॲक्सिलरेटर ‘दाबत दाबत’ सेल्फ मारता. एअर क्लीनर काढलेलाच आहे, तर कोणाला तरी चोकची मूठ ओढायला सांगा आणि आत पाहा. तोंड झाकणारी पत्र्याची चकती हलली, तर तो नेहमीचा चोक आहे. परंतु सोलेक्स बनावटीच्या बऱ्याच जुन्या कार्ब्युरेटरांत अशी चकतीच नसते. चोक ओढल्यावर बाजूला एक छोटी कळ फिरते आणि थंड इंजिनासाठी जास्तीच्या पेट्रोलचा स्वतंत्र मार्ग उघडतो. हा मार्ग इंजिनाने निर्माण केलेल्या ओढीवर चालतो, आणि ती ओढ ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाच टिकते. तुम्ही पाय दाबलात की खालची झडप उघडते, ओढ नाहीशी होते आणि ओढलेला चोक असून नसल्यासारखा होतो. तुमच्या गाडीत असा चोक निघाला, तर सेल्फच्या आधी एक-दोनदा ॲक्सिलरेटर दाबा, चोक पूर्ण ओढा, पाय खाली घ्या आणि मग किल्ली फिरवा. वडील कसे सुरू करत असत ते आठवून पाहा. गाडीचा पहिला मालक अशा गोष्टी कोणाला सांगत नाही, त्या त्याच्या पायाला ठाऊक असतात.

बॅटरी आता तिसऱ्यांदा बदलण्याआधी एक स्वस्तातला मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी रिकामी आहे. सेल्फ फिरत असताना आकडा १० च्या बराच खाली घसरला, तर बॅटरी अशक्त आहे, आणि इंजिन थोड्या रेसवर असताना तो १४ च्या जवळपास गेला नाही, तर चार्जिंगमध्ये खोट आहे. शिवाय कॉइलची बारीक तार काढून ठेवून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही अशा बेताने, मीटरची एक तार इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर धरा व सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी किंवा तिचे बोल्ट गंजलेले आहेत. या पट्टीपायी चांगल्या बॅटऱ्या उगाच बदनाम होतात.

आता घाट. तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे गरम असताना ‘सेल्फ जोरात फिरतो’ ही. त्यामुळे बॅटरी, अर्थ आणि सेल्फ हे तिघेही या गुन्ह्यातून सुटले. उरले करंट आणि पेट्रोल, आणि या दोघांत निवाडा करायला तुम्हाला पाचगणीच्या त्या टपरीसमोरच दोन मिनिटे काढावी लागतील.

डिकीत एक जादा प्लग आणि दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक जाड वायर ठेवा. गाडी अडली की गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. एका प्लगची वायर काढून ती या जादा प्लगला लावा, प्लगचे लोखंड चिमट्याच्या वायरने इंजिनाशी जोडा आणि प्लग कार्ब्युरेटरपासून दूर, सावलीत टेकवून ठेवा. हातात धरू नका. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी जाड, निळसर आणि ‘चट चट’ असा आवाज करत एकसारखी पडत असेल, तर करंट ठीक आहे आणि पेट्रोलकडे वळायचे. ती बारीक, पिवळट, अधूनमधून चुकणारी असेल किंवा पडतच नसेल, तर दोष कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीइतका वाढवणारी), पॉइंट (कॉइलची वीज उघडमीट करणारा खटका) किंवा कंडेन्सर (पॉइंट जळण्यापासून वाचवणारा) यांच्यात आहे.

मला स्वतःला कॉइलचाच संशय आहे, आणि त्याला आधार तुमच्याच पत्राचा आहे. कॉइल गेल्या दिवाळीच्या सुमारास बदलली आणि घाटातला त्रासही वर्षभराचाच आहे. हा निव्वळ योगायोग असू शकतो, पण बाजारात दोन प्रकारच्या कॉइली मिळतात आणि काउंटरवर दोन्ही सारख्याच दिसतात. एक थेट १२ व्होल्टवर चालणारी, जिच्या दोन बारीक टोकांमध्ये साधारण ३ ओहम रोध असतो. आणि दुसरी, जी वेगळ्या रेझिस्टन्ससोबतच वापरायची असते व जिच्यात दीड ओहमच्या आसपासच रोध असतो. ही दुसरी कॉइल रेझिस्टन्सशिवाय जोडली, तर पॉइंट मिटलेले असताना ४ अँपिअरच्या जागी ८ अँपिअरपर्यंत वीज वाहते. कॉइल हात लावू देणार नाही इतकी तापते, पॉइंट जळतात, आणि घाट चढून आलेल्या बोनेटखालच्या उष्णतेची त्यात भर पडली की ठिणगी मरते. गार झाली की पुन्हा जिवंत. तुमच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या हिशेबाशी हे तंतोतंत जुळते. मीटर आहेच, तर कॉइलच्या दोन्ही बारीक तारा काढून रोध मोजा. पाच मिनिटांचे काम आहे. चहा पिताना रेडिओ ऐकायला किल्ली चालूच ठेवण्याची सवय असेल, तर तीही सोडा, कारण इंजिन नेमके पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असेल तर तेवढ्यानेही कॉइल शिजते.

कॉइल बरोबर निघाली, तर पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात त्याचे, टोपण उघडा; पॉइंट त्याच्या आतच असतात. पॉइंट उघडून भिंगातून पाहिले असता एका तोंडावर टेकडी आणि समोरच्या तोंडावर तिच्याच मापाचा खड्डा दिसला, तर कंडेन्सर बिघडला आहे असे मानायला हरकत नाही. नुसते पॉलिश पेपरने घासून तो दोष जात नाही. कंडेन्सर तापल्यावरच दगा देतो, हीही त्याची जुनी खोड आहे. दोन्ही नवे घालून पॉइंटची फट फीलर गेजने ०.४ ते ०.५ मिमीच्या दरम्यान ठेवा. आत एक बारीक, मऊ वायर हलत्या पॉइंटकडे जाते, तिच्याकडेही लक्ष द्या. माझ्या गाडीत एकदा मी कॉइल, टोपण, रोटर आणि प्लगच्या वायरी एवढे सगळे बदलून बसलो होतो. शेवटी ही वीतभरही नसलेली वायर हलकेच ओढली तेव्हा तिचे कातडे लांबले, कारण आतले तांबे केव्हाच तुटून नुसते टोकाला टोक लागून राहिले होते. ती चूक मी पुन्हा केलेली नाही, पण तेव्हा खिशाला बसलेली चाट अजून आठवते.

समजा ठिणगी जाड आणि निळी निघाली. मग पेट्रोल, आणि इथे दोन अगदी उलट गोष्टी एकसारख्या भासतात. गरम इंजिन बंद केल्यावर त्यावरून वाहणारी हवा थांबते, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे कार्ब्युरेटर चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतो. वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात सांडते, तेव्हा इंजिन पेट्रोलात बुडालेले असते. याउलट पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली तर पंप नुसती वाफ ढकलत राहतो, आणि इंजिन उपाशी राहते. पहिल्या प्रकारात पेट्रोलचा भपकारा येतो, प्लग ओले निघतात, आणि उपाय म्हणजे चोकला हात न लावता ॲक्सिलरेटर जमिनीपर्यंत एकदाच दाबून तसाच धरणे व पाच-सात सेकंद सेल्फ मारणे. पाय वरखाली केलात तर पिचकारी आणखी पेट्रोल ओतते. दुसऱ्या प्रकारात वास येत नाही, प्लग कोरडे असतात आणि मघाची पिचकारी उडत नाही. तिथे पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवायचे, ही घाटातल्या जुन्या टॅक्सीवाल्यांची युक्ती अजूनही लागू पडते. फडके मात्र एका वेळी एकाच जागी ठेवा. आधी पंपावर, पाच मिनिटांनी सेल्फ. नाही झाली तर कॉइलच्या अंगावर, तारांना पाणी न लावता. दोन्हींवर एकदम ठेवलेत, तर गाडी सुरू होईल पण तुम्ही पुन्हा अंधारातच राहाल.

सांडण्याचा दोष निघाला, तर वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी नीडल झडप आणि वाटीतली पेट्रोलची पातळी तपासून घ्या, आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी उष्णता अडवणारा जाड तुकडा कोणी साफसफाई करताना काढून नुसते कागदी पॅकिंग लावले नाही ना, तेही पाहा. वाफेचा दोष निघाला, तर पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून गेली आहे का ते पाहून ती लांबून न्या. नंतर बसवलेला प्लास्टिकचा फिल्टर असल्यास तोही गरम जागेतून हलवा.

एक काम मात्र करू नका आणि कोणाला करूही देऊ नका. गाडी पकडत नाही म्हटल्यावर कोणीतरी बाटलीतून पेट्रोल आणून कार्ब्युरेटरच्या तोंडात ओततो आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगतो. उलटा भडका आला तर बाटली हातात पेटते. डिकीत एक छोटे अग्निशामक ठेवा; या वयाच्या गाडीत तो सुट्या भागाइतकाच आवश्यक आहे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनला माझा तात्त्विक विरोध नाही. पॉइंट घासण्याचा कंटाळा असलेल्या माणसाला ते सोयीचे पडते. परंतु मूळ दोष पेट्रोलच्या नळीत किंवा चुकीच्या कॉइलीत असताना ते बसवले, तर तो दोष जागेवरच राहील आणि वर आणखी एक नवी शंका गाडीत येईल. बसवायचेच झाले, तर दोष निघाल्यावर बसवा आणि जुने पॉइंट व कंडेन्सर डब्यात जपून ठेवा. हे सगळे तुम्हालाच शिकावे लागते आहे, याला आणखीही एक कारण आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनणे थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सींवर पोसलेले, नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे मिस्त्री आता शोधूनच काढावे लागतात. तुमच्या भागात असा एखादा असेल, तर त्याला पुढच्या वेळी गॅरेजमध्ये न भेटता सोबत बसवून पाचगणीला न्या.

मला दोन गोष्टी लिहून कळवा : रविवारी सकाळी किल्ली फिरवण्याआधी कार्ब्युरेटरमध्ये पिचकारी उडाली की नाही, आणि कॉइलच्या दोन बारीक टोकांमध्ये किती ओहम भरले. ठिणगीचा रंग पाहायला पाचगणीपर्यंत जावे लागेल, त्यामुळे तो पुढच्या पत्रात कळवलात तरी चालेल.